मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये व्हीपीएस१३ए, पण भावाला तर नुसत्या फिट्स येतात

अबोली: धाकट्या भावाच्या जेनेटिक रिपोर्टमध्ये व्हीपीएस१३ए या जनुकात दोष आलाय. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात. गुगलवर हातपाय वेडेवाकडे हलण्याचा आजार दाखवतंय. त्याचं तसं काही नाही, फक्त फिट्स येतात! रिपोर्ट चुकलाय का? लवकर सांगा.

निशिगंध: वय? गोळी कोणती? दोन्ही प्रतींत दोष आहे की एकाच? होमोझायगस (दोन्ही) की हेटरोझायगस (एकच), तेही रिपोर्टवर असतं.

गोदाकाठ: पुतणीच्या फिट्स कीटो आहाराने थांबल्या. आधी तूप-लोणी सुरू करा, जीनबिन नंतर बघा.

निशिगंध: गोदाकाठ, या जनुकाचं प्रथिन पेशीतल्या पेशीत मेदाचे रेणू एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेतं. ते बिघडलं तर तूप खाऊन कसं भागेल?

गोदाकाठ: मी अनुभव सांगितला. तुम्ही डॉक्टर आहात का?

निशिगंध: नाही, लॅबमध्ये स्लाइड बघते. तुमच्या पुतणीला गुण आला याचा आनंदच आहे, पण तिचा आजार वेगळा.

अबोली: भांडू नका हो. वय २७. होमोझायगस. आई-बाबा आते-मामे भावंडं. गोळी कार्बामाझेपिन. सीपीके (रक्तातलं स्नायूंचं एन्झाइम) वाढलेलं होतं, जिममुळे असेल म्हणाले. जेवताना जीभ-ओठ चावून रक्त येतं, म्हणून हल्ली दातांत रुमाल धरून बसतो. पण त्याचा फिटशी काय संबंध?

सह्यकडा: म्हणूनच मामाच्या मुलीशी लग्न नको म्हणतात.

निशिगंध: सह्यकडा, ते आत्ता बोलून काय उपयोग? अबोलीताई, संबंध आहे. गुगलने दाखवलेल्या त्या आजारात, म्हणजे कोरिआ-अकँथोसायटोसिसमध्ये, साधारण ४० टक्के लोकांना फिट्स येतात, कित्येकदा हालचाली बिघडण्याच्या आधीच. जीभ चावणं आणि वाढलेलं सीपीके त्यातच बसतं. रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या थेंबात) काटेरी तांबड्या पेशी शोधायला सांगा. नुसतं 'सीबीसी' (रक्तपेशींची मोजणी) लिहिलं तर त्या नजरेतून सुटतात, आणि एकदा दिसल्या नाहीत म्हणून आजार नाही असंही नसतं. कार्बामाझेपिनने हालचाली वाढू शकतात, तेव्हा आजच फोन करून विचारा. मनाने गोळी बंद करू नका, फिट्स उसळतील.

रानपाखरू: त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स आहे का? माझ्या मेव्हण्याचं नूतनीकरण अडकलंय.

अबोली: फोन लागला, उद्या सकाळी बोलावलंय. मलाही तपासून घ्यावं लागेल का? स्मिअरला उपाशीपोटी जायचं?

निशिगंध: उपाशी नको. सख्ख्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक, तेव्हा तुमचंही उद्याच विचारा. रिपोर्टचं शेवटचं पान न विसरता न्या.