गास्तों फेब्यूस आणि त्याचं घराणं: वाचायला सुरुवात कुठून करू?

वाचनवेडी
नमस्कार मंडळी. चौदाव्या शतकातल्या फ्रान्सबद्दल वाचता वाचता फ्वा आणि बेआर्न या दक्षिण फ्रान्समधल्या मुलखांचा सरदार गास्तों तिसरा, म्हणजेच फेब्यूस (1331–1391), याच्यापाशी येऊन अडकले आहे. शिकारीवर इतका सुंदर ग्रंथ लिहिणारा माणूस, आणि त्यानेच बायकोला माहेरी धाडलं, एकुलता एक औरस मुलगा त्याच्याच हातून गेला. लढायांपेक्षा मला या घरात काय घडलं ते समजून घ्यायचंय. फ्रेंच जेमतेम येतं. आधी काय वाचू? आणि कामानिमित्त तुलूजला जाणार आहे, दोन दिवस मोकळे आहेत. काय पाहू?

जुनीपानं
आधी फ्रोआसार, म्हणजे त्याच काळातला फ्रेंच बखरकार. त्याच्या बखरीच्या तिसऱ्या खंडातला बेआर्नचा प्रवास काढा. जुनं इंग्रजी भाषांतर इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं. 1388 च्या हिवाळ्यात तो बेआर्नमधल्या ऑर्तेझला, फेब्यूसच्या दरबारी पोचला, सोबत फेब्यूसला भेट द्यायला चार शिकारी कुत्रे: त्रिस्तां, हेक्टर, ब्रं आणि रोलां. फेब्यूस मध्यरात्री जेवायचा. बारा नोकर बारा मशाली धरून उभे असायचे, आणि जेवणानंतर फ्रोआसार त्याला आपलं काव्य वाचून दाखवायचा.

ऑर्तेझच्या वाटेत फ्रोआसारने सोबतच्या सरदाराला विचारलं, फेब्यूसचा मुलगा गेला कसा? सरदाराने सांगायचं टाळलं. पुढे ऑर्तेझला एका वृद्ध सेवकाने सांगितलं. मुलगा आईला भेटायला तिच्या माहेरी, नावारच्या राज्यात गेला होता. मामाने, म्हणजे नावारचा राजा चार्ल्स याने, त्याच्याकडे एक पुडी दिली. वडिलांच्या जेवणात घाल, आई-बाबा पुन्हा एकत्र येतील, असं सांगून. अनौरस सावत्र भाऊ इव्हँमुळे गोष्ट फुटली. फेब्यूसने ती पूड कुत्र्याला घातली, कुत्रा मेला. मुलाला कोठडीत टाकलं, त्याने अन्न सोडलं. बाप रागाने आत गेला, हातात नखं साफ करायची छोटी सुरी होती, तिचं टोक गळ्याला लागलं आणि शीर तुटली. हे 1380 सालचं.

पण हे एवढं वाचून थांबू नका. फ्रोआसारने हे आठ वर्षांनी, ऐकून लिहिलंय, आणि तो मुळात गोष्ट रंगवणारा. इतिहासकार या कटात बेआर्नचे नाराज सरदार आणि लेस्कारचा बिशप यांचाही हात बघतात. मला तेच पटतं. तीसहून जास्त वर्षं सत्ता एकट्याच्या मुठीत ठेवली की आपलेच लोक वारसाभोवती जमतात.

वाचनवेडी
धन्यवाद! आणि त्याची बायको आन्येस, तिचं काय? ती माहेरी का गेली?

जुनीपानं
इथेच फ्रोआसार ताडून बघायला मिळतो. त्याच्या मते भांडण अल्ब्रेच्या सरदाराच्या खंडणीवरून झालं. राजा चार्ल्स जामीन राहिला होता, आन्येस पैसे आणायला भावाकडे गेली, त्याने ते दाबून ठेवले आणि नवऱ्याच्या धाकाने ती परतलीच नाही. इतिहासकारांच्या हिशेबात मात्र मूळ दुखणं हुंड्याचं आहे. लग्न 1349 चं, हुंडा वर्षानुवर्षं थकलेला. डिसेंबर 1362 मध्ये लोनाकच्या लढाईत फेब्यूसने आपला वैरी, आर्मान्याकचा सरदार, याला हरवून कैद्यांच्या खंडण्यांतून अफाट पैसा मिळवला, त्याच वर्षी वारस जन्मला होता. आता सासरच्या माणसांची गरज उरली नव्हती, म्हणून त्याने तिला घालवून दिलं. माझ्या मते या घराची सगळी शोकांतिका इथून सुरू होते.

तुलूजकर
मी इथेच राहतो, म्हणून फिरण्याचं सांगतो. फ्वाचा किल्ला ट्रेनने सव्वा तासावर, सोपा आहे. पण तुम्हाला घर बघायचं असेल तर बेआर्नमधल्या पो आणि ऑर्तेझ या गावांनाच जा. पोला साधारण अडीच तास. तिथला विटांचा बुरूज फेब्यूसने बांधून घेतलेला. पुढे अर्ध्या तासावर ऑर्तेझ, तिथे मोंकाद मनोरा, म्हणजे फ्रोआसार जेवायला बसायचा ते ठिकाण. खाली नदीवरचा जुना तटबंदीचा पूल चुकवू नका. मनोरा हंगामाप्रमाणे उघडतो, निघण्याआधी विचारून घ्या. मोंतानेरचा किल्ला अप्रतिम आहे, पण तिथे गाडीशिवाय पोचणं अवघड.

रानवाटा
शिकारीच्या ग्रंथाची चित्रं घरबसल्या बघा, ताई. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं 'फ्रांसे 616' हे हस्तलिखित गॅलिका या त्यांच्या संकेतस्थळावर आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर बनलं, पण मजकूर त्याचाच, 1387 मध्ये सुरू केलेला. कुत्र्यांच्या औषधोपचाराचं पान नक्की काढा: एकाचे पाय पाण्यात बुडवताहेत, दुसऱ्याचं तोंड उघडून बघताहेत. माणूस कुत्र्यांवर किती जीव लावायचा ते त्या पानावर दिसतं. त्याच्या प्रार्थनांचा संग्रहही आहे. काही अभ्यासक तो मुलाच्या मृत्यूनंतरच्या पश्चात्तापाशी जोडतात.

वाचनवेडी
ऑर्तेझ पक्कं. औरस मुलगा गेल्यावर जहागीर कोणाकडे गेली?

जुनीपानं
1390 मध्ये त्याने आपल्यामागे सगळं फ्रान्सच्या राजाला लिहून दिलं होतं. ऑगस्ट 1391 मध्ये अस्वलाच्या शिकारीनंतर जेवायच्या आधी हात धुताना तो कोसळला. इव्हँ तिजोरी ताब्यात घ्यायला ऑर्तेझकडे धावला, पण राजाला लिहून दिलेलंही प्रत्यक्षात आलं नाही, जहागीर मिळाली चुलत घराण्यातल्या मातिय द कास्तेलबोंला, ज्याच्याशी फेब्यूसचं कधी जमलं नाही. इव्हँ पुढे फ्रान्सच्या दरबारात गेला. जानेवारी 1393 मध्ये पॅरिसला राजासोबत रानटी माणसाचं सोंग घेऊन नाचताना डांबर लावलेल्या पोशाखाला मशालीची आग लागली, त्यात तो गेला.