किल्ट पारंपरिक कशाने ठरतो?
किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधील पुरुषांचा कमरेभोवती गुंडाळायचा, चुण्यांचा पोशाख. ‘आपल्या कुळाचे टार्टन (रंगीत चौकड्यांची नक्षी) नसेल तर किल्ट पारंपरिक नव्हे’ असे एक मत ऐकू येते; ते मला पटत नाही, कारण प्रत्येक कुळाला ठरावीक टार्टन नेमून देण्याची प्रथा मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज याच्या १८२२ मधील एडिंबरा भेटीच्या सुमारास, रुजली. १८४२ साली या विषयावर निघालेला एक गाजलेला ग्रंथ तर पुढे चक्क बनावट ठरला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, दिसणारा किल्ट म्हणजे चुण्या घालून कमरपट्ट्याने आवळलेले, खांद्यावरूनही घेता येणारे लांबलचक लोकरी वस्त्र होते, तर केवळ कमरेखालचा आखूड किल्ट अठराव्या शतकातला आहे. माझ्या मते कसोटी लावायचीच तर ती कापडाला आणि शिवणीला लावावी: तिरप्या विणीची लोकर, मागे शिवून बसवलेल्या चुण्या आणि पुढे एकमेकांवर येणारे सपाट पदर.