पूरग्रस्त घरांची दुरुस्ती वर्षानुवर्षे करायची असेल तर सुरुवात कशी करावी?

निवृत्त शिक्षक, सांगली
ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी पुढे. तेव्हा आम्ही धान्य आणि चादरी वाटत गावोगाव फिरलो आणि २०२१ च्या पुरातही तेच केले. गेल्या महिन्यात भिलवडीकडच्या एका मातीच्या घरात गेलो, तर भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ अजून स्पष्ट दिसत होती, तिच्याखाली हात लावताच पापुद्रे गळत होते आणि चुलीमागची भिंत कोसळेल या भीतीने त्या घरातील आजी रात्री ओसरीवर झोपत होत्या. त्या दिवसापासून मन स्वस्थ नाही. पुढची काही वर्षे आठवड्यातले दोन दिवस या कामाला देण्याची माझी तयारी आहे, परंतु बांधकामातले मला काहीही येत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

पलूसहून
गुरुजी, आम्ही चौघे मित्र २०१९ पासून हे काम करतो, म्हणून आधी आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. दिवाळीत घर नवे दिसले, पण पुढच्या पावसाळ्यात तो गिलावा मातीसकट सुटून खाली आला, कारण जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडायला वाटच उरली नव्हती आणि आतली माती भिजून मऊ झाली होती. आता आम्ही सैल झालेली माती खरवडून भिंत पूर्ण सुकू देतो आणि मग भुसा घालून मळलेल्या मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करतो. त्याच्याही आधी छप्पर पाहतो, कारण पागोळ्यांचे पाणी जोत्याशी पडत असेल तर भिंतीवर केलेले सगळे श्रम वाया जातात. पन्हळ बसवावी आणि पाणी घरापासून लांब नेणारा चर काढावा. भिंत ओळंब्याबाहेर गेली, म्हणजे सरळ उभी न राहता कलली असेल तर तिला हात लावू नये, छपराला टेकू देऊन अभियंत्याला दाखवावी. गवंड्याची मजुरी मात्र पूर्ण द्यावी. माती मळणे आणि कौले उतरवणे ही कामे आपण करावीत.

वाळवा तालुक्यातून
कागदांकडे दुर्लक्ष करू नये. घर भावाभावांत सामाईक असते, त्यामुळे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, म्हणजे घर कोणाच्या नावे आहे याची घरपट्टीसाठीची नोंद, पाहून सर्वांची लेखी संमती घ्यावी. नुकसान ताजे असेल तर पंचनामा आणि छायाचित्रे झाल्याशिवाय ढिगारा हलवू नये. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात सपाटीवरच्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते नवे घर बांधण्यासाठी. म्हणून कुटुंबाचे नाव यादीत आहे का, हे आधी विचारावे, नाहीतर लवकरच पाडायच्या भिंतीवर आपला पैसा जातो.

मिरज तालुक्यातून
माझे घर अशाच मंडळींनी दुरुस्त केले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तरीही एक सांगते. त्यांनी आधी पुढची भिंत रंगवली. न्हाणीचे पाणी मागच्या भिंतीत मुरते, हे मला रोज दिसत होते, पण घरातल्या बाईला कोणी विचारलेच नाही आणि मीही संकोचाने बोलले नाही. पुढच्या आषाढात त्यांच्यातले एक दादा भर पावसात घर पाहायला आले, तेव्हा मी ती ओल दाखवली; दिवाळीनंतर त्यांनी न्हाणीला कोबा करून पाणी परसातल्या केळींकडे वळवले. ते परत आले नसते तर ती भिंत आज उभी राहिली नसती.

निवृत्त शिक्षक, सांगली
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी ऋणी आहे. रविवारी आजींकडे जातो, पाणी कोठे मुरते ते त्यांनाच विचारतो आणि उताऱ्याचेही पाहतो. पलूसकर, चुलीमागची भिंत मधोमध फुगलेली वाटते. आपण एकदा पाहाल का?

पलूसहून
रविवारी आमच्या गवंडीमामांना घेऊन येतो. फुगवटा आहे म्हणता, तर तोवर आजींना त्या भिंतीजवळ स्वयंपाक करू देऊ नका. चूल ओसरीवर मांडून द्या. टेकूसाठी दोन वासे आमच्याकडे आहेत, ते घेऊन येतो.