छापा पडला, पुढे त्या बाईचं काय?

सुनीता_मिरज: कालच्या धाग्यावर एकांनी लिहिलंय, "कायदा कडक आहे, कुंटणखान्यांवर छापे पडतात, पण सोडवलेल्या बायका परत तिथेच जातात. त्यांनाच सुटायचं नसतं." वाचून डोकं फिरलं. सोडवलेल्या? 'पिटा'च्या (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या) कलम 17 खाली मॅजिस्ट्रेट सज्ञान बाईलाही एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो. अशाच एका गृहात मी शिवण शिकवायला जायचे. दाराला बाहेरून कुलूप, मोबाईल जमा. एक बंगाली बाई पिशव्यांना बंद लावता लावता रोज विचारायची, मुलीला फोन कधी लावून देणार? तिला आणून विकणारा दलाल तोवर जामिनावर सुटलाही होता.

डोंबिवलीकर: मग छापे बंद करायचे का? माझे काका पोलिसात होते. माळ्यावरच्या फळीमागे कोंबलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी त्यांनी बाहेर काढल्यात. त्या आपल्या पायांनी आल्या असत्या का?

सुनीता_मिरज: बंद करा असं मी कुठे म्हटलं? अल्पवयीन मुलींबद्दल वादच नाही. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छाप्यानंतर महिला वसतिगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडायला सांगितलं. तेवढंच मागतेय.

काळा_कोट: भारतीय न्याय संहितेचं तस्करीवरचं कलम 143 दलालाला शिक्षा सांगतं, बाईच्या पुनर्वसनाचं काही सांगत नाही. त्यासाठीचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत मंजूर झालंच नाही, 2019 ला बारगळलं.

गोदाकाठ: तस्करी म्हटलं की तुम्हाला फक्त कामाठीपुरा दिसतो. 143 मध्ये गुलामगिरीही आहे. 2022 मध्ये इगतपुरीकडची कातकरी पोरं थोड्या पैशांवर मेंढ्या राखायला दिलेली सापडली, एक पोरगी मेली तेव्हा बोभाटा झाला. आणि उसाच्या फडात काय चालतं? माझ्या मावशीला उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून पट्टा पडल्यावरही, म्हणजे हंगाम संपल्यावरही, टोळीच्या मुकादमाने कोपीवरून (फडावरच्या झोपडीवरून) हलू दिलं नव्हतं.

फडकरी: मुकादमाला शिव्या घालणं सोपंय! उचल घेऊन टोळीच्या टोळी रातोरात पळते ते नाही लिहीत कोणी. माझ्या मुकादम भावाने त्यापायी दीड एकर विकलं. कारखाना त्याच्याकडून वसूल करतो, त्याने कोणाकडे बघायचं?

गोदाकाठ: दिवाणी दावा लावा. माणूस अडवून ठेवलात तर ती वेठबिगारी, आणि 1976 च्या कायद्याने असलं कर्जच रद्द होतं.

फडकरी: कोर्टात पंधरा वर्षं घालवायची, हो ना? एसीत बसून कायदे शिकवू नका.

गोदाकाठ: मी कोपीत जन्मलोय. तोंड सांभाळून बोला.

काळा_कोट: भांडू नका. फडकरींचे पैसे खरंच बुडाले, आणि कारखाना नामानिराळा राहतो हेही खरं. पण सुटलेल्या मजुराच्या हातात तरी काय पडतं? वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या 2016 च्या, नंतर सुधारलेल्या योजनेत पुरुषाला 1 लाख, बाईला आणि मुलाला 2 लाख, तस्करीसारख्या गंभीर प्रकरणात 3 लाख. त्यातले 30 हजारांपर्यंत लगेच, उरलेले आरोपीला शिक्षा झाल्यावर. तोवर खायचं काय? परत उचलच घेणार तो.

सुनीता_मिरज: माझ्या बायकाही अशाच परत जातात. सुटायचं नसतं म्हणून नव्हे.

डोंबिवलीकर: बरं, कुलपाचं मान्य. पण दार उघडं ठेवलं आणि दलालच गेटवर येऊन उभा राहिला तर जबाबदारी कोणाची?

सुनीता_मिरज: ज्यांनी त्याच्या जामिनाला विरोध केला नाही त्यांची. त्याच्यासाठी तिला कोंडू नका.