मदत हवी आहे: व्यायाम-वाचनाच्या गटाची वेळ कशी जमवावी?
नमस्कार मंडळी. आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन अशा बाराजणी सकाळी एकत्र व्यायाम करतो, मग अर्धा तास एकमेकींच्या धर्माबद्दल वाचतो. परवा माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा दोघींनी हात धरून उठवलं, एक तर घरापर्यंत सोडायला आली. या मैत्रिणी मला गमवायच्या नाहीत.

रविवारी प्रार्थनेमुळे दोघी येत नाहीत, तो वार आम्ही बदलू. खरा प्रश्न रमजानचा. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही, शिवाय महिना दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. मग हलका व्यायाम इफ्तारच्या जरा आधी ठेवावा की नंतर? आणि सूर्यनमस्कार मंत्रांशिवाय घेतले तर जुन्या मैत्रिणी दुखावतील का? कुणी असा गट चालवला असेल तर कृपया सांगा.