शिक्षक म्हणून तुम्ही मनापासून काय मानता? – अनुभव धागा

डी.एड., बी.एड.ला शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवतात, परीक्षेत त्यावर टिपा लिहाव्या लागतात. पण वर्गात उभं राहून काही वर्षं गेली की माणसाचं स्वतःचं एक मत तयार होतं: मुलांबद्दल, त्यांच्या घरांबद्दल, शिकणं म्हणजे काय याबद्दल. ते कुठल्याच प्रशिक्षणात कुणी विचारत नाही, म्हणून इथे विचारते आहे. तुम्ही काय मानता, आणि कोणत्या मुलामुळे ते मानायला लागलात? सुविचार नकोत, घडलेलं लिहा. मुलांची आणि शाळांची नावं टाळा.

सुरुवात मीच करते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे असते. मुलाच्या चुकीच्या उत्तरामागे बहुतेक वेळा विचार असतो आणि तो ऐकल्याशिवाय लाल पेन उचलू नये, असं मी मानते. हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा १७. निम्म्या वर्गाच्या पाटीवर ४५ येतं. "लक्ष नाही" म्हणून फुली मारणं सोपं. एका मुलीला विचारलं, कसं केलंस गं? ती म्हणाली, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." म्हणजे अडचण तिला बरोबर कळली होती. त्यावर तिने आपला एक नियम केला आणि पुढच्या प्रत्येक गणिताला तोच इमानाने लावला. मी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. "यातल्या सतरा मला दे." तिने थोडा वेळ बघितलं आणि आपणहून एक गठ्ठा सोडला. पाटीवरचं ४५ तिनेच पुसलं.

एवढं ऐकायला वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, म्हणजे आमच्यासारख्या चौथीपर्यंतच्या शाळेत एकेकाकडे दोन इयत्ता. तरी रोज एका तरी मुलाचं पूर्ण ऐकायचंच, हा माझा हट्ट असतो.

बालाघाट:
बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या गावात शिकवतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि आमच्या शाळेचा मोठा पट. हंगामी वसतिगृहामुळे काही पोरं आजी-आजोबांपाशी मागे राहतात. पण ज्यांच्याशिवाय धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नाही, ती जातातच. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परत येतात.

उसाच्या फडावरून आलेलं मूल कोरं नसतं, हे मी मानतो. पाचवीतला एक पोरगा परत आला तेव्हा बाकीचे भागाकार करून पुढे गेले होते. हा मागच्या भिंतीला टेकून बसायचा. एक दिवस म्हटलं, बाळा, तुमच्या कोयत्याचा हिशेब सांग बरं. (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.) मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, टनाला दर काय, कोणत्या खेपेला किती वजन भरलं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून किती आले, फिटून किती राहिली, सगळं तोंडपाठ! बापाला वाचता येत नाही, म्हणून पावतीवरचा आकडा हाच बघून सांगायचा. ते सगळं मी फळ्यावर मांडलं. "राहिलेली उचल किती टनांत फिटेल?" इथे त्याला भागाकार लागला, आणि तो तिथेच शिकला. नंतर वर्गातली पोरं त्याच्याकडून उदाहरणं मागायला लागली.

या आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं गावोगावी ऐकतो. मला राग येतो. फडावरच्या कोपीत (झोपडीत) बसून पोराकडून वजनाची पावती वाचून घेणाऱ्या माणसाला आकड्या-अक्षराची किंमत आपण काय सांगणार?

पळसपान:
बालाघाट यांचं वाचून कोसबाड आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! माझं सगळं मत त्या एका कृतीत आलं. मी बालवाडी चालवते. किटातली प्लास्टिकची खेळणी कपाटात असतात. मोजायला चिंचोके, शिंपले, पळसाची पानं. चार वर्षांच्या एका बाळाने मोजता मोजता फुटका चिंचोका बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हा अर्धाच आहे."

शेवटची_लोकल:
मुंबईत रात्रशाळेत आहे. दिवसभर हॉटेलात, कुरिअरमध्ये, घरकामात राबून माणसं वर्गात येतात. मी सगळ्यांना अहो-जाहो करतो, वय काहीही असो. शिकायला आलेल्या माणसाचा मान आधी, पोर्शन नंतर. दहावीला एक ताई होत्या, त्यांची मुलगी त्याच वर्षी बारावीला. धुण्याभांड्यांच्या पाण्याने बोटांना चिरा पडलेल्या, पुस्तकाचं पान उलटताना दुखायचं. इतर विद्यार्थी आपणहून त्यांचं पान उलटून द्यायचे. पास झाल्या तेव्हा मार्क सांगायच्या आधी म्हणाल्या, "सर, बँकेचा फॉर्म आता मुलीकडून भरून घेत नाही."

निवृत्त_मुख्याध्यापक:
वर सगळ्यांनी मुलांवर विश्वास ठेवावा असं लिहिलंय, ते पटलं. छडीशिवाय शिस्त लागत नाही म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने तर २०१० पासून मारण्याला मनाईच आहे. पण एक गोष्ट राहिली. शिक्षकावर कोण विश्वास ठेवणार? त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये. प्रत्यक्षात उपक्रम झाला हे पटवायला फोटो, फोटो पोचला हे पटवायला लिंक, लिंक भरली हे पटवायला पुन्हा यादी. मुलगा गणित सांगत असतो आणि बाई मोबाइलवर माहिती भरत असतात. धागाकर्त्या ताईंनी ज्या मुलीला "कसं केलंस गं?" विचारलं, ते विचारायला लागणारा वेळ इथे जातो. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत मी हे उभं राहून बोलत आलो. नोकरीत असलेल्यांनी आता बोलावं, आणि लेखी द्यावं.