मॉली पिल्लं घालते, एंजल अंडी : जनुकांत नेमका फरक कुठं?

टँकवाला_कर्वेनगर
माशांचा तीन फुटी टँक आहे. त्यात मॉली, गप्पी आणि एंजलची एक जोडी. एंजल पानावर अंडी चिकटवते आणि दोघं नवराबायको आळीपाळीनं पर हलवत पहारा देतात. मॉलीचं सगळंच वेगळं. काल रात्री भिंग लावून बसलो होतो. पिल्लू मुटकुळं करून बाहेर पडलं, शेपूट डोक्याला टेकलेली. जरा खाली गेलं, उलगडलं आणि थेट जावा मॉस या पाणवनस्पतीत घुसलं. मागोमाग आईसाहेब खायला हजर, ते सोडा.

तर प्रश्न असा, की पिल्लं घालायचं एखादं जनुक असतं का? ते एंजलमध्ये घातलं तर? मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, "बाबा, असं एका जनुकाचं नसतं." पुढं विचारलं की क्लासला पळते. आणि आमचा मासेवाला म्हणतो, अंडी पोटातच फुटतात, ते काही खरं बाळंतपण नव्हे.

पेठेतला_मासा
एंजलच्या टँकात गप्पी? एंजलची चंगळ आहे.

निवृत्त_प्राणिशास्त्र
मुलीचं बरोबर आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत पिल्लं घालायची सोय दीडशेच्या आसपास वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे. एकाच जनुकाची करामत असती तर सगळीकडे तेच सापडलं असतं. एंजलचं तर फलनच बाहेर पाण्यात होतं, तिच्यात नुसतं जनुक घालून काय करणार?

तुमच्या मॉलीच्या घराण्यात नराचा गुदपर लांबट काडीसारखा झालाय, नर गप्पी नीट बघा म्हणजे दिसेल. त्यानं फलन पोटात होतं आणि अंडं अंडाशयातल्या आपल्या पुटिकेतच, म्हणजे इवल्या पिशवीतच, वाढतं. बलक मात्र जुनाच. तो बनतो व्हिटेलोजेनिनपासून. हे प्रथिन आईच्या यकृतात तयार होतं आणि रक्तातून अंड्यात उतरतं. वार (गर्भाला आईकडून अन्न पोचवणारा अवयव) असलेल्या सस्तन प्राण्यांत, म्हणजे आपल्यातही, याची जनुकं निकामी होऊन पडली आहेत. मॉलीच्याच घराण्यातल्या प्लॅटीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, 2013 साली प्रसिद्ध झाला, तिच्यात ती शाबूत आहेत. तेव्हा मासेवाल्याला निम्मे मार्क द्या. प्लॅटी-गप्पीचं पिल्लू मुख्यतः आधीच भरून ठेवलेल्या बलकावर वाढतं.

पण याच घराण्यात पोसिलिऑप्सिस नावाचे मासे आहेत, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्यांच्या काही जाती निव्वळ बलकवाल्या, तर काहींना चक्क वार. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं, की जवळच्या जातींच्या या एका गटात वार तीनदा वेगवेगळी आली, आणि त्यातही एकदा साडेसात लाख वर्षांच्या आत. उत्क्रांतीच्या मानानं हे घाईचंच काम. बलकवाल्या जातीत जन्माच्या वेळी पिल्लाचं कोरडं वजन अंड्यापेक्षा कमी भरतं. पोसिलिऑप्सिस रेट्रोपिन्नात ते शंभर पटींच्या वर जातं. ते सगळं आईनं गाभणपणात पुरवलेलं.

इथून तंटा सुरू होतो. आईला पुढच्या विणीसाठी राखून ठेवायचंय, पिल्लाला आत्ताच हवंय. त्यात एका विणीत बाप अनेक, त्यामुळे प्रत्येक बापाच्या जनुकांना आपलंच पोर धष्टपुष्ट हवं. उंदराच्या पिल्लात आयजीएफ-2 या वाढीच्या जनुकाची बापाकडून आलेली प्रत चालते, आईची बंद असते. पोसिलिऑप्सिसमध्ये दोन्ही चालू सापडल्या. तरी वार असलेल्या जातींत याच जनुकाचा क्रम झपाट्यानं बदललाय, नैसर्गिक निवडीचा दाब स्पष्ट दिसतो (2007 चं काम). मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात झकास उदाहरण हेच.

रात्रपाळी_हडपसर
बाई, भर घालतो. मेक्सिकोतलेच गुडिड मासे बघा. त्यांचा भ्रूण पुटिकेतून बाहेर येऊन अंडाशयाच्या पोकळीत तरंगतो. त्याच्या गुदद्वाराजवळून फितींसारखे धागे निघतात, त्यांतून तो आईचं अन्न शोषतो. 2019 मध्ये जपानी गटानं दाखवलं, की त्या अन्नात आईचं व्हिटेलोजेनिनही असतं. म्हणजे जे प्रथिन अंड्यात आधीच भरायचं, ते इथं गाभणपणात हप्त्याहप्त्यानं दिलं जातं.

टँकवाला_कर्वेनगर
बाई, मुलीला वाचायला दिलंय, आयजीएफ-2 तिनं वहीत उतरवून घेतलं. आता व्यवहाराचं बोलतो. गप्पीची पिल्लं उतू चाललीत. ओढ्यात सोडू का? डासांसाठी सोडतातच की.

निवृत्त_प्राणिशास्त्र
अजिबात नाही. गप्पी मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. मादी शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते, तेही अनेक नरांचे. एक गाभण मादी ओढ्यात पडली तरी नराशिवाय वसाहत उभी राहते. आधी नर-माद्या वेगळ्या करा आणि जास्तीची पिल्लं मासेवाल्याला द्या. बहुतेक जण घेतात.

पेठेतला_मासा
घेतात, पैसे देत नाहीत.